यूज्ड टू: कधी ‘जायचो’ आणि कधी ‘सरावलो’

मालवणात आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. गेल्या सीझनला बेंगळुरूहून येणाऱ्या एका फॅमिलीला मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं, वी यूज्ड टू सर्व्ह फिश थाळी. मला म्हणायचं होतं की आमच्याकडे फिश थाळी असते, रोजची पद्धत आहे. ते आले, बॅगा खोलीत टाकल्या आणि जेवायला बाहेर गेले. इकडे वहिनीने सुरमईला हळद-मीठ लावून ठेवलेलं, सोलकढीसाठी नारळ खवून झालेला, आणि आम्ही सगळे वाट बघत बसलेलो. सकाळी घावणे खाताना त्यांनीच विचारलं, तुम्ही थाळी बंद का केलीत? वहिनी माझ्याकडे बघायला लागली. तेव्हा मला कळलं की माझ्या वाक्याचा अर्थ ‘आम्ही पूर्वी थाळी द्यायचो’ असा झाला होता, म्हणजे आता देत नाही.

त्या दिवसापासून मी हा यूज्ड टू नीट समजून घेतला आणि आता इथल्या होमस्टेवाल्यांना, स्कूबावाल्या पोरांना, रिक्षावाल्यांना जो विचारेल त्याला सांगतो, कारण ही चूक आपल्याकडे जवळपास सगळेच करतात आणि तिचं कारण एकच आहे. शाळेत आपल्याला शिकवलं की यूज्ड टू म्हणजे सवय. मग रोज सहाला उठायची सवय असलेला माणूस बिनधास्त म्हणतो आय यूज्ड टू गेट अप अ‍ॅट सिक्स, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आता हा उशिरा उठतो. आजच्या रोजच्या गोष्टीसाठी यूज्ड टू नकोच. साधा वर्तमानकाळ वापरा, आय गेट अप अ‍ॅट सिक्स, वी सर्व्ह फिश थाळी, फार तर यूज्वली घाला. झालं.

मग यूज्ड टू कुठे? तर आपल्याकडे त्याला अगदी तंतोतंत जोडी आहे. जायचो, यायचा, असायची, मिळायचे, हे जे ‘-यचो’ आहे ना तेच. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला रीतिभूतकाळ म्हणतात, तिथे ‘जात असे’ असं दिलेलं असतं, पण आपण बोलताना जायचोच म्हणतो. पूर्वी होतं, आता नाही. मालवण यूज्ड टू बी इन रत्नागिरी डिस्ट्रिक्ट. हे वाक्य मला फार आवडतं कारण ते शंभर टक्के खरं आहे, सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला 1 मे 1981 ला, त्याआधी आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. किंवा, पीपल यूज्ड टू गो टू मुंबई बाय बोट. भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटायच्या, रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला करत गोव्यापर्यंत जायच्या. आता त्या बोटी नाहीत, 26 जानेवारी 1998 पासून तर अख्ख्या मार्गावर कोकण रेल्वे आहे, म्हणून यूज्ड टू. आणि टू च्या पुढे क्रियापद साधं, गो, बी, लिव, ईट. गोइंग नाही, वेंट नाही.

इथे आपल्या मराठी कानावर विश्वास ठेवा, तो बरोबर सांगतो. मी मुंबईत नोकरी करायचो, हे ठीक वाटतं. पण ‘मी सहा वर्षं मुंबईत नोकरी करायचो’ म्हणून बघा, कानाला खटकतं ना? आपण ‘सहा वर्षं नोकरी केली’ म्हणतो. इंग्रजीतही अगदी तसंच आहे, एकूण किती काळ किंवा किती वेळा ते सांगितलं की यूज्ड टू जातो आणि साधा भूतकाळ येतो. पाहुण्यांना रत्नागिरीचा थिबा पॅलेस दाखवताना हे लागतं. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत केलं, 1886 ला रत्नागिरीत आणून ठेवलं, आणि 1916 ला तो इथेच वारला. तर राजवाड्याकडे बोट दाखवून म्हणायचं, किंग थिबा यूज्ड टू लिव हिअर. पण तीस वर्षं रत्नागिरीत होता म्हणायचं असेल तर, ही लिव्ड इन रत्नागिरी फॉर थर्टी इयर्स. यूज्ड टू लिव फॉर थर्टी इयर्स नाही.

आता दुसरा यूज्ड टू, आणि खरा गोंधळ इथे आहे. आय अ‍ॅम यूज्ड टू. मध्ये अ‍ॅम, इज, आर, वॉज असं काही आलं की अर्थच बदलला, आता ती खरोखर सवय झाली. पण मी इथेही सवय हा शब्द डोक्यात आणत नाही, मी ‘सरावणे’ आणतो, कारण त्याच्या आधी आपोआप ‘ला’ येतो. पावसाला सरावलो, समुद्राला सरावलो, अंधाराला सरावलो. हा ‘ला’ म्हणजेच तो टू. वी आर यूज्ड टू हेवी रेन, आम्ही मोठ्या पावसाला सरावलोय (आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, तेव्हा सरावणारच). क्रियापद आलं तर आपण काय करतो? पोह सरावलो म्हणत नाही, पोहण्याला सरावलो म्हणतो. पोहचं पोहणं करतो आणि मग त्याला ला लावतो. इंग्रजीतही स्विमचं स्विमिंग होतं, आय अ‍ॅम यूज्ड टू स्विमिंग इन द सी. म्हणून इथे आयएनजी. नियम पाठ करायला नको, फक्त पोहण्याला, उठण्याला, थांबण्याला हे मनात म्हणा.

माझा पुतण्या बोटीवर असतो, किल्ल्यावर पाहुणे घेऊन जातो. त्याला मी जेटीवर बसवून दोन वाक्यं शेजारी शेजारी म्हणायला लावली. आय यूज्ड टू फिश अ‍ॅट नाइट. आय अ‍ॅम यूज्ड टू फिशिंग अ‍ॅट नाइट. पहिल्याचं मराठी कर म्हटलं, तो म्हणाला मी रात्री मासेमारीला जायचो. दुसऱ्याचं? जरा थांबला, दोर हातात तसाच, आणि म्हणाला रात्रीच्या मासेमारीला सरावलोय. बरोब्बर. पहिल्यात त्याने काम सोडलंय, दुसऱ्यात तो आजही रात्री दर्यावर आहे. एवढ्याशा अ‍ॅमने माणसाचा धंदा बदलतो.

हळूहळू सरावणं चालू असेल तर गेट. मुंबईची एक ताई सुक्या बांगड्याच्या वासाने पहिल्या दिवशी नाकाला रुमाल लावून होती. तिला काय म्हणायचं? यू विल गेट यूज्ड टू इट. आणि ती म्हणेल आय अ‍ॅम नॉट यूज्ड टू द स्मेल. आय डोंट यूज्ड टू असं काही नसतं, ते डोक्यातून काढून टाका.

‘नव्हतो जात’ म्हणायचं असेल तर आय डिडंट यूज टू गो, इथे यूजचा डी जातो कारण भूतकाळ डिडने उचललाय. प्रश्नातही तसंच, डिड यू यूज टू लिव हिअर? लिहिताना फक्त काळजी घ्या, बोलताना कोणाला फरक ऐकू येत नाही. मला स्वतःला नेव्हर यूज्ड टू सोपं वाटतं, वी नेव्हर यूज्ड टू लॉक द डोअर, आम्ही कधी दार लावायचो नाही. यात डी राहतो.

उच्चाराचं मात्र मनावर घ्या. लिहितो यूज्ड टू पण या दोन्ही अर्थांत तोंडातून येतं ‘यूस्टू’, ज नाही, स, आणि डी टू मध्ये विरघळून जातो. आपण दोन्ही शब्द तोडून ठासून यूज्ड, टू म्हणतो आणि मग समोरच्याला क्षणभर ‘वापरला’ ऐकू येतं, कारण वापरण्याचा यूज्ड खरोखरच ज ने बोलतात. धिस झेला इज यूज्ड टू प्लक मँगोज, हा झेला आंबे काढायला वापरतात. इथे इजही आहे आणि टू पुढे साधं प्लकही आहे, बघायला दोन्हीची खिचडी वाटते, पण झेला कशाला सरावणार, वस्तू आहे ती. अशा वाक्यात आधी कोणाबद्दल बोलतोय ते बघा, वस्तू असेल तर वापर.

अजून एक, जुन्या आठवणी लांब सांगायच्या असल्या की प्रत्येक वाक्यात यूज्ड टू घालून ऐकणारा कंटाळतो. पहिल्या वाक्यात घाला, पुढे वुड. माय ग्रँडमदर यूज्ड टू ट्रॅव्हल बाय बोट. शी वुड कॅरी भाकरी अँड ड्राय फिश, शी वुड स्लीप ऑन द डेक. फक्त वुड हे करण्यासाठी, असण्यासाठी नाही. देअर यूज्ड टू बी अ बिग वडाचं झाड हिअर, इथे वुड बी चालत नाही.

आमचा व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज आता असा जातो: वी सर्व्ह फिश थाळी एव्हरी डे. इफ यू आर नॉट यूज्ड टू स्पायसी फूड, प्लीज टेल अस बिफोर टेन. दहाच्या आत कळलं की वहिनी त्यांची आमटी वेगळी काढते, तिरफळ न घालता.