बेळगावहून विमानाला किती वेळ लागतो ते घरबसल्या कसं काढायचं

मुंबई रस्त्यानं जवळजवळ 490 किमी, मग विमानाला किती वेळ, असं बरेच जण विचारतात, खरं रस्त्याचे किमी इथं उपयोगाचेच नाहीत. विमान काय निपाणी, कोल्हापूर, सातारा करत जात नाही, त्याचं अंतर सरळ रेषेत धरायचं.

ते काढायला कॉम्प्युटरवर गूगल मॅप उघडा, सांबरा विमानतळावर राइट क्लिक करा, अंतर मोजायचा ऑप्शन येतो तो घ्या आणि मग मुंबईच्या विमानतळावर क्लिक करा. 400 किमीच्या आसपास दाखवेल. मोबाईलवर बोट दाबून धरलं की पिन पडते, खाली तोच ऑप्शन मिळतो. बंगळूर असंच 445 च्या आसपास, दिल्ली साधारण 1435. कुठं अंतर नॉटिकल मैलात दिलेलं असलं तर 1.852 नं गुणा.

आता वेळ. बुकिंग करताना विमान कुठलं ते लिहिलेलं असतं, ते आधी बघा कारण सगळा फरक तिथंच पडतो. पंख्याचं छोटं एटीआर ताशी 500 किमी धरा, एअरबससारखं जेट 800. आलेल्या वेळात अर्धा तास मिळवा, धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं यात तो जातोच. म्हणजे बंगळूरला एटीआरनं 445 भागिले 500, साधारण 53 मिनिटं, अधिक 30, झाले 1 तास 23 मिनिटं. दिल्लीला जेटनं पावणेदोन तासाच्या वर थोडं आणि अर्धा तास, म्हणजे सव्वादोन ते अडीच धरून चाला. लांबच्या प्रवासात वारा पण बघावा लागतो, थंडीत वर पश्चिमेकडून जोरात वारं असतं त्यामुळं पूर्वेला जाताना वेळ वाचतो आणि येताना जास्त लागतो.

दुबईला जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, तिकिटावर दोन्हीकडची लोकल वेळ असते. मुंबईहून 10 ला सुटून तिथं 11:45 ला उतरतंय म्हणजे पावणेदोन तास नव्हे, दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणून खरा प्रवास सव्वातीन तास. घरच्यांना फोन कधी येईल ते सांगताना हाच हिशोब सांगा, उगीच जीव टांगणीला नको त्यांचा.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, घर ते घर हिशोब करा. खानापूरच्या माणसानं आधी बेळगाव 26 किमी, पुढं गावातून सांबऱ्यापर्यंत अजून 10 एक, डोमेस्टिकचं चेक-इन बहुतेक तासभर आधी बंद होतं म्हणून दोन तास आधी पोचायचं, उतरल्यावर बॅगेला अर्धा तास, मग मुंबईचं ट्रॅफिक. सव्वा तासाचं विमान असलं तरी पाच-सहा तास जातात की वो. तरी रात्रभर बसमध्ये बसण्यापेक्षा म्हाताऱ्या माणसांना हे बरंच सोपं पडतं.

निपाणीवाल्यांनी सांबऱ्याच्या आधी कोल्हापूरचं उजळाईवाडी विमानतळ बघावं, ते 40 किमीच्या आत आहे आणि सांबरा त्याच्या दुप्पट लांब. गोव्याच्या मोपा विमानतळाचं तिकीट स्वस्त दिसलं तर चोर्ला किंवा आंबोली घाट मध्ये येतो, पावसाळ्यात धुक्यात गाडी रांगत जाते, तेव्हा तिथं किमी मोजू नका, घाटाला तास-दीड तास जास्तीचा ठेवा आणि मगच टॅक्सी सांगा.