जुने भूकंप अभ्यासायचे असतील तर

या अभ्यासात नव्याने येणारे विद्यार्थी विचारतात, आधी जुनी दप्तरं वाचायची की आधी भ्रंशावर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकतात त्या भेगेवर, जायचं? क्रम कोणताही चालेल. मात्र दप्तर आणि भ्रंश या दोन साक्षीदारांपैकी एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा नियम मी पाळत आले आहे.

दप्तरात नुकसान लिहिलेलं असतं, भ्रंश नाही. 15 जानेवारी 1934च्या बिहार-नेपाळ भूकंपात उत्तर बिहारच्या गाळाच्या जमिनीतून वाळू-पाणी उफाळलं, मोठ्या पट्ट्यात घरं कलली, खचली. केंद्र मात्र पूर्व नेपाळात होतं, आणि जमीन फाटल्याच्या खुणा हिमालयाच्या पायथ्याशी कित्येक दशकांनी सापडल्या. म्हणून तीव्रतेचा, म्हणजे कुठे किती हादरलं याचा, नकाशा करताना प्रत्येक गावापुढे जमीन खडकाची की गाळाची, हे लिहाच. तारखाही तपासा, ज्युलियन आणि ग्रेगोरियन कालगणनेतल्या फरकामुळे एकच भूकंप सूचीत दोनदा येऊ शकतो.

ट्रेंचमधलं, म्हणजे भ्रंशावर आडव्या खणलेल्या चरातलं, वाचन वरवर सोपं: तुटलेले थर भूकंपाआधीचे, ती तूट झाकणारा थर नंतरचा. अडचण काळाची. थरातल्या कोळशासारख्या सेंद्रिय अवशेषांचं वय सांगणाऱ्या रेडिओकार्बनवरून वर्ष मिळत नाही, कालखंड मिळतो, कधी शंभर-दोनशे वर्षांचा. एवढ्या मोठ्या कालखंडात इतिहासातला एखादा प्रसिद्ध भूकंप सहज बसतो, आणि हा तोच, असं म्हणून टाकायचा मोह तिथेच होतो.

दप्तर आणि जमीन यांची जोड खऱ्या अर्थाने सिद्ध झाल्याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कॅस्केडियाचं. किनारा अचानक खचला आणि सीडरची झाडं खाऱ्या पाण्यात मेली. तिथे मौखिक कथा होत्या, लिखित नोंद नव्हती. इकडे जपानी दप्तरांत जानेवारी 1700च्या त्सुनामीची नोंद होती, पण तिच्याआधी धक्का जाणवल्याची नव्हती. संशोधकांनी लाटेच्या प्रवासाचा वेळ मागे मोजून 26 जानेवारी 1700ची रात्र काढली. मग झाडांच्या मुळांतली वाढवलयं तपासली, तर शेवटची वाढ 1699च्या हंगामातली निघाली! लाकूड आणि कागद यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, म्हणूनच ही साक्ष इतकी भक्कम आहे.

ट्रेंच कोरी निघाली म्हणून दप्तरातला भूकंप खोडूही नका. 26 जानेवारी 2001चा भूजचा भूकंप 7.6 महत्तेचा होता, तरी मुख्य भ्रंश पृष्ठभागापर्यंत फाटला नाही.

ट्रेंचची भिंत दोघांनी स्वतंत्रपणे रेखाटावी. कोणता थर कोणत्या घटनेच्या आधीचा, हे प्रयोगशाळेचे आकडे येण्यापूर्वीच वहीत लिहून ठेवावं. आणि भूकंपाची ओळख नोंदवताना ‘हाच’ आणि ‘हा असू शकेल’ असे दोन वेगळे रकाने आखावेत.