गेलेल्या गाद्यांचा कालपट: युरोपातली पदच्युत राजघराणी ए-३ कागदावर

युरोपातल्या गेलेल्या राजघराण्यांची नुसती वंशावळ काढली तर कोण कुणाचा मुलगा एवढंच कळतं. गादी नेमकी कधी गेली आणि परदेशात किती वर्षं काढावी लागली, हे त्यात दिसत नाही. म्हणून वंशावळ काळाच्या मापावर आखावी.

ए-३ मापाचा (२९७ × ४२० मिमी) कार्ट्रिज पेपर घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सहज मिळेल. एका घराण्याला एक कागद. दोन घराणी एकात कोंबलीत तर लग्नसंबंधांच्या रेघांचा गुंता होतो, कारण ही सगळी माणसं एकमेकांची सोयरी आहेत. कागद उभा धरा. १९०० ते २०२५ या १२५ वर्षांना वर्षाला ३ मिमीप्रमाणे ३७५ मिमी लागतात. उरलेल्या ४५ मिमीतले ३० वर शीर्षकाला, १५ खाली. डावीकडे ३० मिमीच्या पट्टीत दशकांच्या खुणा करा आणि पुढे ५० मिमीचे पाच रकाने पाडा.

प्रत्येक माणसाची जन्म ते मृत्यू अशी उभी बारीक रेघ. १९०० आधी जन्मलेल्यांना वर बाण. राज्यकाळ २ मिमी जाड, वनवास लाल. बापाच्या रेघेतून मुलाच्या जन्मवर्षापाशी आडवी जोडरेघ. सगळं आधी एचबी पेन्सिलने; शाई शेवटी.

पहिली अडचण इटलीत येते. दुसरा उंबेर्तो ९ मे १९४६ ला गादीवर आला आणि १२ जूनला राज्य संपलं. हे ३४ दिवस या मापावर जेमतेम ०.३ मिमी भरतात, म्हणजे दिसतच नाहीत. तिथे जाड रेघेऐवजी ठिपका द्या. त्याची लाल रेघ मात्र १९८३ पर्यंत, तब्बल ११ सेंटीमीटर जाते. उलट रुमानियाच्या मिहाईची जाड रेघ दोन तुकड्यांत येते: १९२७ ते १९३० आणि १९४० ते १९४७. ग्रीसच्या दुसऱ्या जॉर्जचा गादीवर आल्यानंतरचा वनवासही दोनदा, १९२३ ते १९३५ आणि १९४१ ते १९४६.

खरी कसोटी तारखांची. देश सोडला ती तारीख वेगळी, राजेशाही रद्द झाली ती वेगळी आणि राजाने स्वतः हक्क सोडला असेल तर ती तिसरी. बहुतेक तक्ते इथेच फसतात. ग्रीसचा दुसरा कॉन्स्टंटाइन डिसेंबर १९६७ मध्ये देशाबाहेर गेला. लष्करी राजवटीने राजेशाही रद्द केली १ जून १९७३ ला. सार्वमताने त्यावर शिक्का बसला ८ डिसेंबर १९७४ ला. जाड रेघ १९७३ ला थांबवा, लाल १९६७ पासून सुरू करा. सुमारे १६ मिमी दोन्ही शेजारी चालतील, तशाच चालू द्या.

ऑस्ट्रियाला तर स्वतंत्र टीप हवीच. शेवटचा सम्राट कार्ल याने ११ नोव्हेंबर १९१८ ला राज्यकारभारातून अंग काढून घेतलं, पण गादी सोडल्याचं म्हटलं नाही. मार्च १९१९ मध्ये तो स्वित्झर्लंडला गेला. एप्रिलमधल्या कायद्याने घराण्याला हद्दपार केलं. कार्ल हंगेरीचाही राजा होता; तिथे राज्य राहिलं, राजा नव्हता. १९२१ मध्ये कार्लने दोनदा परतायचा प्रयत्न केला, दोन्हीदा फसला आणि नोव्हेंबरमध्ये तिथल्या संसदेने त्याला पदच्युत केलं. म्हणून कार्लला दोन जाड रेघा, ऑस्ट्रियाची आणि हंगेरीची. १९२२ मध्ये तो मदेइरा बेटावर वारला. त्याचा मुलगा ओटो याने १९६१ मध्ये हक्क सोडले, तेव्हा कुठे १९६६ मध्ये त्याला ऑस्ट्रियात पाय ठेवता आला. पुढे वीस वर्षं तो युरोपीय संसदेचा सदस्य होता.

पेशवाईच्या वंशावळी वाचलेल्या पुणेकराचा हात निपुत्रिक राजापाशी आपोआप दत्तकाकडे वळतो. तो आवरा. पोर्तुगालचा दुसरा मानुएल १९१० च्या क्रांतीनंतर इंग्लंडला गेला, १९३२ मध्ये निपुत्रिक वारला आणि वारसा गेला तो १८३४ मध्ये देशाबाहेर काढलेल्या मिगेल राजाच्या शाखेकडे. या शाखेला वेगळा रकाना द्या. मूळ पुरुष १९०० च्या वर राहतो, म्हणून शीर्षकाच्या पट्टीतून बाण खाली आणा.

दावा वादाचा असेल तिथे तुटक रेघ. इटलीच्या साव्हॉय घराण्यात उंबेर्तोच्या मुलाने वडिलांच्या परवानगीविना लग्न केल्याचा मुद्दा काढून आओस्ता शाखा हक्क सांगते. दोन्ही शाखा दाखवा, कोण खरा ते ठरवत बसू नका. तो निकाल द्यायला आता गादीच शिल्लक नाही.

रशियाच्या तारखा तपासून लिहा. दुसऱ्या निकोलसचा राज्यत्याग जुन्या (ज्युलियन) पंचांगाने २ मार्च १९१७, नव्याने (ग्रेगोरियन) १५ मार्च. तेरा दिवसांनी रेघ हलत नाही, पण शेजारी लिहिलेली तारीख चुकते. बल्गेरियाने नवं पंचांग १९१६ मध्ये, रशियाने १९१८ मध्ये, ग्रीसने १९२३ मध्ये घेतलं. त्याआधीच्या प्रत्येक तारखेपुढे जुनी की नवी ते नोंदवा.

बल्गेरियाच्या सिमेऑनसाठी उजवीकडे जागा ठेवा: सहाव्या वर्षी गादीवर, १९४६ मध्ये हद्दपार, १९९६ मध्ये पहिली परतभेट, २००१ ते २००५ निवडून आलेला पंतप्रधान. पंतप्रधानपदाला जाड रेघ देऊ नका, पोकळ चौकट करा.

शाई भरताना लाल रेघेवर दर १० मिमीला छोटी आडवी खूण मारा. साध्या झेरॉक्समध्ये लाल रंग काळा होतो आणि खुणा नसल्या तर घरचा काळ आणि वनवास एकसारखे दिसतात.