वाड्याला नवी खोली जोडताय? मधी फट ठेवा

वाड्याला लागून आरसीसी खोली काढायची म्हटलं की मिस्त्री हमखास म्हणतो, जुन्या भिंतीवरच स्लॅब टेकवू, पैसे वाचतील. ऐकू नका. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, नवं-जुनं सारखं बसत नाही, अन् १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींचं काय झालं ते आपण बघितलंय. कॉलम वेगळे घ्या, पाया मुरूम लागेस्तोर न्या (पण जुन्या भिंतीलगत सलग चर नको, चार-चार फुटाचे तुकडे करून खोदा), मधी दोनेक इंच फट सोडा अन् वरून वाकवलेला पत्रा फक्त नव्या बाजूला ठोका. माळवदाचं (वाड्याच्या मातीच्या छताचं) पन्हाळ कुठं पडतं तेबी आधीच बघा, आमचं राहिलं अन् पहिल्याच पावसात पाणी थेट फटीत.