मुंग्या गेल्या, काटा राहिला

आयटीआयमधून इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक करून मी एका दुकानात लागलो, तेव्हा छत्रपती संभाजीनगर अजून औरंगाबाद होतं आणि गच्चीवरून ‘दिसायलंय का?’ असं ओरडणं हे आमचं निम्मं काम होतं. खालून उत्तर यायचं, ‘मुंग्या यायल्यात!’, म्हणजे पडद्यावर ठिपके वळवळतायत, की अँटेनाचा पाईप अजून दोन बोटं फिरवायचा. टीव्हीचे सिग्नल आणि अँटेना या क्षेत्रात येऊ म्हणणारी पोरं अधूनमधून विचारतात, म्हणून मी काय शिकलो आणि कुठं आपटलो ते एकदा लिहूनच टाकतो.

दुकानाच्या मालकांना सगळे चाचा म्हणायचे. त्यांच्याकडं चामडी पट्ट्याचं, काट्याचं जुनं फील्ड स्ट्रेंग्थ मीटर होतं, सिग्नलची ताकद मोजणारं. मी अँटेना फिरवत वाकून खिडकीतून टीव्ही बघायचो. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातातली पक्कड काढून घेतली आणि म्हणाले, “फोटो मत देख, काटा देख.” मला ते उगीचचं वाटलं. चित्र स्वच्छ आलं म्हणजे झालं की! आणि खरं सांगायचं तर अ‍ॅनालॉगच्या दिवसांत ते चालूनही जायचं. सिग्नल कमी झाला की मुंग्या वाढायच्या, अजून कमी झाला की आवाज खरखरायचा. टीव्हीचा पडदा हाच एक मीटर होता.

डिजिटलमध्ये तसं नाही. 2016 च्या फेब्रुवारीत दूरदर्शनचं डीव्हीबी-टी2, म्हणजे साध्या अँटेनावर येणारं डिजिटल प्रक्षेपण देशातल्या 16 शहरांत आलं. महाराष्ट्रातून त्यात मुंबई होती आणि औरंगाबाद होतं. पुढं 31 मार्च 2022 पर्यंत जुने अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद झाले, मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक सोडून. मुंग्या गेल्या त्या कायमच्या. आता चित्र एक तर काचेसारखं असतं, नाहीतर नसतंच. समजा प्रक्षेपण 256-क्वॅम, कोड रेट 2/3 वर आहे (सिग्नलवर माहिती किती दाट भरायची याची ही एक ठरलेली पद्धत). तर साधारण 18 डेसिबलच्या आसपास कडा लागते, त्याखाली चित्रच नाही. तुमच्या मीटरवर 19 असेल तरी चित्र सुंदर, 26 असेल तरी तेवढंच सुंदर. गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देतं. पण 19 वाल्या घरात संध्याकाळी वारं सुटलं की चित्राचे चौकोन होतात आणि रात्री तुम्हाला फोन येतो. म्हणून एमईआर, म्हणजे सिग्नल किती स्वच्छ आहे तो आकडा, बघायचा, आणि कडेच्या वर पाच-सहा डेसिबल हातात ठेवूनच खाली उतरायचं.

नव्या माणसानं आधी दिशा आणि लांबी पक्की करावी. म्हैसमाळचा डोंगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर, शहर साधारण पावणेसहाशेवर. त्यामुळं डोंगरावरच्या दूरदर्शनच्या मनोऱ्याची नजर लांबपर्यंत जाते. शहरातून अँटेना वायव्येकडं, सिल्लोडहून नैऋत्येकडं, वैजापूरहून पूर्वेला जरा उत्तरेकडं झुकती, आणि कन्नडहून चक्क दक्षिणेकडं. कन्नडला एका घरी मी सवयीनं वायव्येला तोंड करून अर्धा तास घालवलाय, म्हणून सांगतो: गच्चीवर चढण्याआधी मोबाइलवर नकाशा उघडा. आणि मध्ये डोंगराची सोंड असेल तर अंतर कितीही कमी असो, उपयोग नाही. अशा घराला खोटी आशा लावू नये, सरळ फ्री डिशची छत्री सुचवावी.

लांबीचं गणित सोपं आहे. आपल्याकडं यूएचएफ (डिजिटल टीव्ही येतो तो वरच्या फ्रिक्वेन्सीचा पट्टा) चॅनेलची मधली फ्रिक्वेन्सी काढायची तर चॅनेल क्रमांकाला 8 नं गुणायचं आणि 306 मिळवायचे. चॅनेल 21 म्हणजे 474 मेगाहर्ट्झ, 26 म्हणजे 514. 300 ला मेगाहर्ट्झनं भागलं की तरंगलांबी मीटरमध्ये, तिच्या निम्म्यापेक्षा किंचित कमी ही अँटेनाच्या मुख्य काडीची लांबी. 514 ला ती भरते 28 सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे एक वीत आणि तीन बोटं. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या जुन्या व्हीएचएफ चॅनेल 5 साठी हीच काडी 80 सेंटिमीटरच्या वर जायची. मराठवाड्यात गावोगावी माळवदांवर आणि पत्र्यांवर अजून त्या लांब काड्यांचे सांगाडे उभे आहेत, कावळ्यांना बसायला. कुणी म्हणालं ‘अँटेना आहे आमच्याकडं, नुसता बॉक्स लावा’, तर आधी काडी मोजा.

हे मी शिकलो ते एका चॅनेल-बदलात. मी तेव्हा ठेकेदाराकडून मदतनीस म्हणून एका तालुक्याच्या गावी, लहानशा प्रक्षेपण केंद्रावर जात होतो. अ‍ॅनालॉगचाच काळ. केंद्र व्हीएचएफवरून यूएचएफ चॅनेलवर जायचं होतं. बाहेरच्याला वाटतं, बटण फिरवलं की फ्रिक्वेन्सी बदलली. एक्सायटरवर, म्हणजे सिग्नल तयार करणाऱ्या डब्यावर, आकडा बदलायला खरंच पाच मिनिटं लागतात. पण त्याच्या पुढचा फिल्टर त्या एका चॅनेलसाठी ट्यून केलेला असतो, मनोऱ्यावरची अँटेना त्या पट्ट्यासाठी बनलेली असते. ते सगळं बदलावं लागतं, आणि मग आधी कमी पॉवरवर चालवून रिफ्लेक्टेड पॉवर बघायची. ती जास्त असेल तर अँटेनाकडं गेलेली शक्ती परत येऊन ट्रान्समीटरलाच भाजते.

दोन दिवस काम चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं. रिफ्लेक्टेड पॉवर जवळपास शून्य. मी इतका खूश, की वहीत तारीख-वेळ घालून मोठ्या अक्षरात लिहिलं. चहा आला. तेवढ्यात फोन: गावात काहीच दिसत नाही. दुसरा फोन, तिसरा फोन. केंद्रावरचे साहेब परत परत मीटर बघत होते. सगळे आकडे पुस्तकात लिहिल्यासारखे. मी रॅकच्या मागं पडलेला पाना उचलायला गेलो आणि टेकायला म्हणून डमी लोडवर हात ठेवला, तर चटका बसला.

चाचणीसाठी ट्रान्समीटर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी शक्ती जिरवणाऱ्या उपकरणावर, घेतला होता, आणि केबल परत अँटेनावर लावायचं काम माझं होतं. ते मी विसरलो होतो. सगळी शक्ती त्या लोडमध्ये उष्णता होऊन जात होती. डमी लोडसारखी आदर्श अँटेना जगात नाही, रिफ्लेक्टेड पॉवर शून्य दाखवणारच. काटा खरं बोलत होता, फक्त मी त्याला चुकीच्या जागी विचारत होतो. साहेब काही बोलले नाहीत, लोडवरची केबल दाखवून ‘बदल’ एवढंच म्हणाले. तेव्हापासून आकडा लिहिताना वहीत शेजारी ‘कुठं मोजला’ हा रकाना मी ठेवतो. अँटेनाच्या टोकाला, बूस्टरनंतर, की टीव्हीच्या सॉकेटला? वीस मीटर आरजी-6 केबल या फ्रिक्वेन्सीला तीनेक डेसिबल खाते, दोन टीव्हींचा स्प्लिटर साडेतीन. गच्चीवरचा आकडा बैठकीत तेवढाच राहत नाही.

प्रक्षेपण चालू झालं, तरी निम्म्या गावात मुंग्याच. त्याच त्या लांब काड्या. आठवडाभर मी टेप आणि हॅकसॉ घेऊन घरोघरी फिरलो.

डिजिटलमध्ये केंद्राचं चॅनेल बदललं की लोकांना एवढंच दिसतं: ‘नो सिग्नल’. टीव्ही जुन्या फ्रिक्वेन्सीवर बसून राहतो, त्याला परत स्कॅन करायला सांगावं लागतं. अमेरिकेत 2017 ते 2020 मध्ये हजाराच्या आसपास स्टेशनांची चॅनेल बदलली, तिथंही घरोघरी हेच, परत स्कॅन करा. यात दोन खड्डे आहेत. एक, मेन्यूत ‘केबल’ निवडलेलं असतं, तिथं ‘अँटेना’ किंवा ‘एअर’ हवं. दुसरा जास्त वाईट. केबल नीट न खोचता कुणी ऑटो स्कॅन केलं, की पुष्कळ टीव्ही जुनी यादी पुसून रिकामी यादी ठेवतात. एका आजींनी मला ऐकवलं होतं, “बाळा, आधी चार तरी दिसायले व्हते, तू आलास अन् ते बी गेले.” मी स्कॅन सुरू केलं होतं आणि वायर माझ्याच पायानं निघाली होती.

टीव्हीला टी2 ट्यूनर आहे का हेही आधी मागच्या स्टिकरवर किंवा मेन्यूत बघा. आणि फ्री डिशचा बॉक्स म्हणजे टी2 बॉक्स नव्हे. तो उपग्रहाचा, 93.5 अंश पूर्वेचा. त्याच्या सॉकेटमधून छत्रीच्या तोंडाशी असलेल्या एलएनबीसाठी 13 किंवा 18 व्होल्ट बाहेर येतात. त्यात यागी, म्हणजे काड्यांची अँटेना खोचली, तर अनेक अँटेना डीसीला शॉर्ट असतात आणि बॉक्स बंद पडू शकतो. एकदा तरी प्रत्येक शिकाऊ हे करतोच.

दोष शोधताना पाऊस मोठा साक्षीदार. पावसाचं झोडपणं आलं की छत्रीचा सिग्नल जातो, कारण छत्रीच्या केयू बँडला (फार वरच्या फ्रिक्वेन्सीला) पाऊस अडवतो. यूएचएफला पावसानं फारसा फरक पडत नाही. म्हणून पावसात अँटेनाचं चित्र गेलं तर आकाशाला दोष देऊ नका, कनेक्टर उघडा. आत जाळी हिरवी पडलेली असते, चिमटीत धरली की भुगा होतो. नवा एफ-कनेक्टर, वर रबर टेप, आणि केबलला खाली एक झोळ, म्हणजे पाणी तिथून गळून जातं. दुसरा साक्षीदार कडुनिंब. माघ-फाल्गुनात पानगळीत बसवलेली अँटेना चैत्रात पालवी फुटली की तक्रार करते. ओल्या पानांमधून यूएचएफला जायला आवडत नाही.

अलीकडं एक नवी व्याधी आलीय. बाजारातले बरेच बूस्टर 470 ते 862 मेगाहर्ट्झ सगळंच वाढवतात. त्यातल्या 758 ते 803 या पट्ट्यात 2022 च्या लिलावानंतर मोबाइल आला. घराशेजारी टॉवर असेल तर बूस्टर त्याच्याच आवाजानं बधिर होतो. सिग्नल भरपूर, एमईआर पडलेला, असं दिसलं की बूस्टर काढून बघा. पुष्कळदा चित्र तिथंच येतं. नाहीतर मोबाइलचा पट्टा अडवणारा फिल्टर बूस्टरच्या आधी लावायचा, नंतर लावून फायदा नाही.

आता करिअरचं. दहावीनंतर दोन वर्षांचं आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक किंवा तीन वर्षांची ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) पदविका, दोन्ही चालतात. पदविकेनं पुढची दारं जास्त उघडतात, हात मात्र आयटीआयवाल्याचा लवकर बसतो. अप्रेंटिसशिप सोडू नका. प्रक्षेपण क्षेत्रात बेसिलसारख्या सरकारी कंपनीकडून कंत्राटी भरती निघते, तिच्यावर लक्ष ठेवा, पण नुसत्या टीव्ही रिसेप्शनवर मराठवाड्यात पोट भरेल असं मी सांगणार नाही. बहुतेक घरांत आता छत्री किंवा मोबाइल आहे. मी स्वतः अर्धा वेळ मोबाइल टॉवरच्या फीडरची (अँटेनाकडं जाणाऱ्या केबलची) कामं करतो. डेसिबल, रिफ्लेक्टेड पॉवर, कनेक्टरमधलं पाणी तिथंही तेच. सरावाला स्वस्तातला आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायचा रेडिओ रिसीव्हर, घ्या. त्यावर टी2 चित्र दिसणार नाही, पण लॅपटॉपवर स्पेक्ट्रममध्ये डिजिटल चॅनेलचं सपाट पठार आणि एफएमचे टोकदार सुळके एकामागोमाग बघितले, की वर्गातला निम्मा धडा डोळ्यात बसतो.

सध्या माझ्याकडं गंगापूरचा एक पोरगा शिकतोय. परवा गच्चीवरून ओरडला, “सर, एकदम क्लिअर आलं!” मी खाली टीव्हीच्या सॉकेटला मीटर लावून बसलो होतो. 18.6. म्हटलं, उतरू नको, पाईप सोड आणि एक फूट उजवीकडं सरक. दहा मिनिटं तो सरकत राहिला. मग त्यानंच वरून विचारलं, “किती यायलंय?”

“तेवीस. आता आवळ.”