ब्रेन स्टेममध्ये गाठ सांगितलीय? मुंबईत पुढे काय काय करायचं

रिपोर्टवर 'ब्रेन स्टेम ग्लायोमा' वाचलं की घरातला प्रत्येकजण मोबाईल घेऊन बसतो आणि अर्ध्या तासात सगळ्यांचं अवसान गळतं. आमच्याकडेही तेच झालं. मी डॉक्टर नाही, पण पेशंटसोबत परळच्या वाऱ्या केल्यात म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे हा एकच आजार नाही. ब्रेन स्टेम म्हणजे मेंदू आणि मणक्यातली मेन नस जोडणारा जेमतेम अंगठ्याएवढा भाग, वर मिडब्रेन, मध्ये पॉन्स, खाली मेडुला, आणि श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं, डोळे फिरवणं हे सगळं तिथून चालतं. त्यामुळे डॉक्टरांना दोनच गोष्टी आधी विचारा, गाठ यातल्या कुठल्या भागात आहे आणि ती एका जागी गोळा आहे की पसरलेली आहे. वरच्या भागातल्या काही गाठी, टेक्टल ग्लायोमा म्हणतात त्या, वर्षानुवर्षं गप्प बसतात, फक्त मेंदूतलं पाणी अडवतात, मग पाण्याला वाट करून दिली आणि ठरावीक काळाने एमआरआय काढत राहिलं तरी बऱ्याचदा भागतं. मागच्या बाजूने बाहेर आलेली गाठ ऑपरेशनने बरीचशी काढता येते. पण पॉन्सभर पसरलेली, साधारण 5 ते 10 वर्षांच्या मुलांमध्ये जास्त दिसणारी, जिला आधी डीआयपीजी म्हणायचे आणि 2016 पासून डब्ल्यूएचओच्या यादीत डिफ्यूज मिडलाइन ग्लायोमा म्हणतात, ती खरंच वाईट आहे, बहुतेक मुलांच्या हातात वर्षभराच्या आसपासच वेळ असतो. ती चांगल्या नसांमध्ये मिसळलेली असते म्हणून कापून काढता येत नाही, तेव्हा कोणी 'पूर्ण काढून देतो' म्हणालं तर पैसे भरायच्या आधी दुसरीकडे दाखवा. मोठ्या माणसांमध्ये ब्रेन स्टेमची गाठ बऱ्याचदा हळू वाढते, मुलांचे आकडे वाचून त्यांचा हिशोब लावू नका.

अजून निदान झालं नसेल तर लक्षणं बघा. मूल अचानक तिरळं बघायला लागलं, एकाचे दोन दिसतात म्हणून मान वाकडी करून टीव्ही बघतंय, हसताना तोंड एका बाजूला जातं, चालताना झोक जातो, पाण्याचा ठसका लागतो, यातलं दोन-तीन एकत्र असेल तर चष्म्याच्या दुकानात नाही, न्यूरोकडे जा. सीटी नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, तिथल्या जाड हाडामुळे सीटीत तो भाग नीट दिसत नाही, कॉन्ट्रास्टवाला एमआरआयच लागतो. आणि सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होतेय, त्यात पोरगं पेंगतंय, तर ओपीडीची वाट बघू नका, पाणी साठलेलं असू शकतं, रात्र असली तरी केईएम किंवा सायनच्या कॅज्युअल्टीत न्या.

टाटाला, म्हणजे परळच्या टाटा मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलला जाताना एमआरआयची सीडी पाहिजेच पाहिजे, नुसत्या छापील रिपोर्टवर तिथे काही ठरत नाही. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणी झाली असेल तर स्लाइड आणि ब्लॉक (त्या तुकड्याचे काचेवरचे आणि मेणातले नमुने) दोन्ही जुन्या हॉस्पिटलमधून मागून घ्या. आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवा, महात्मा फुले योजनेबद्दल विचारायला लागेल. काही पेशंटना रेडिएशनसाठी खारघरच्या अॅक्ट्रेकला, म्हणजे टाटाच्याच दुसऱ्या सेंटरला पाठवतात, तेव्हा राहायची सोय ठरवायच्या आधी मशीन कुठे आहे ते विचारा, नाहीतर रोज परळ-खारघर करत बसाल. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत पेशंट राहतात, लहान मुलांसाठी सेंट ज्यूड आहे, दोन्हीसाठी हॉस्पिटलच्या सोशल वर्करला गाठा. लोकलमध्ये कॅन्सर पेशंटला दिव्यांगांच्या डब्यात बसता येतं, कागद खिशात असू द्या, डब्यात वाद घालणारे भेटतातच.

पसरलेल्या गाठीला रेडिएशन बहुतेकदा एकूण 54 ग्रे (रेडिएशनचं माप), 30 वेळात विभागून, म्हणजे सोमवार ते शुक्रवार सहा आठवडे. चेहऱ्यावर जाळीचा मास्क बसवतात, तो गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर दाबतात आणि तसाच घट्ट होतो, मूल घाबरतं, तेव्हा आधीच सांगून ठेवा की दुखत नाही आणि हलायचं नाही. फारच लहान असेल तर भूल देतात, मग उपाशीपोटी न्यायचं, खाण्यापिण्याची वेळ नर्सकडून लिहूनच घ्या.

डेक्सा नावाची स्टेरॉइडची गोळी सुरू होते, सूज उतरते, मूल दोन-चार दिवसांत बरं वाटायला लागतं आणि मग रात्री दोनला उठून वरण-भात मागतं, चिडतं, चेहरा सुजतो. हे गोळीमुळे आहे. खाऊन गोळी द्यायची, आणि स्वतःच्या मनाने एकदम बंद अजिबात करायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतात.

गिळायला त्रास होत असेल तर पातळ पाणीच सगळ्यात आधी ठसकतं. ताठ बसवून छोटे घोट द्या, खिमट, घट्ट पेज, दही जास्त नीट जातं. पिऊन झाल्यावर आवाज घोगरा, पाण्यासारखा येत असेल तर तोंडाने देणं थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. डोळा पूर्ण मिटत नसेल तर ड्रॉप लिहून घ्या, नाहीतर बुबुळाला जखम होते.

ओएनसी201 या नव्या औषधाबद्दल सगळेच विचारतात. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेत डॉर्डाव्हिप्रोन नावाने त्याला मंजुरी मिळाली, पण ती एच3 के27एम म्युटेशन (गाठीच्या जीनमधला एक ठरावीक बदल) असलेल्या आणि आधीच्या ट्रीटमेंटनंतर परत वाढलेल्या गाठीसाठी. म्हणजे बायोप्सीत हे म्युटेशन तपासलंय का ते आधी विचारा, मगच औषधाचं बघा.

आणि पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे पेशंटचा त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांच्या ओपीडीत सुरुवातीलाच नाव घाला. लोक ते ऐकूनच उठून जातात, पण उलटी, वेदना, झोप यासाठी तीच माणसं कामाची असतात, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा ते तिथून लिहून घ्या.