फोटो झिप करूनही फाइल तेवढीच? मग हे करा

फोटोंचं फोल्डर झिप करायला लावलं, पट्टी सरकेपर्यंत चहा गार झाला, आणि साइज जवळपास होती तेवढीच! जेपीजी आणि एमपी४ आधीच दाबलेले (कॉम्प्रेस केलेले) असतात. झिप करायचं सॉफ्टवेअर विनरार घ्या नाहीतर सेव्हन-झिप, फार फरक पडत नाही. वर्ड १९९७-२००३ च्या जुन्या डॉक फाइल्स, सीएसव्ही, लॉग असतील तर मात्र सेव्हन-झिपचा स्वतःचा सेव्हन-झेड (7z) फॉरमॅट झिपपेक्षा बहुधा लहान फाइल देतो.

फोटो मेलने पाठवायचे तर फुकटच्या सेव्हन-झिपमध्ये असं करा:

१. फोल्डरवर राइट क्लिक, ‘ॲड टू आर्काइव्ह’.
२. कॉम्प्रेशन लेव्हल ‘स्टोअर’. दाबायची खटपटच नको, वेळ वाचतो.
३. ‘स्प्लिट टू व्हॉल्यूम्स’मध्ये १५एम (इंग्रजी अक्षरांत), म्हणजे १५ एमबीचे तुकडे होतात. मेलला जोडताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून मेलच्या साइज-मर्यादेच्या काठावर जाऊ नका.
४. तुकडे वेगवेगळ्या मेलने पाठवा. समोरच्याने ते एकाच फोल्डरमध्ये ठेवून नावाच्या शेवटी ००१ असलेला सेव्हन-झिपनेच उघडायचा.

पासवर्ड घालणार असाल तर फॉरमॅट सेव्हन-झेड निवडून ‘एन्क्रिप्ट फाइल नेम्स’वर टिक करा. साध्या झिपमध्ये पासवर्ड असला तरी आतल्या फाइलींची नावं कुणालाही दिसतात.

सगळे तुकडे उघडल्याची खात्री होईपर्यंत मूळ फोटो डिलीट करू नका.